सैरंध्रीचा नकार
खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची (1907) चर्चा बहुधा राजकीय रूपकापाशीच थांबते. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, ही संगती प्रेक्षकांनी लावली. सरकारनेही लावली, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. परंतु या रूपकाच्या तेजात महाभारतातील मूळ प्रसंग झाकोळून गेला.

विराटनगरीत पांडव व द्रौपदी सोंगे घेऊन राहतात. सैरंध्री ही भूमिका खरी, पण तिच्या वाट्याला येणारा नकोसा अनुनय भूमिकेपुरता राहत नाही. कीचक मागतो दासीला. दुखावते ती द्रौपदी. भर सभेत लाथ खाल्लेल्या या पत्नीला कंकवेषधारी युधिष्ठिर काय म्हणतो? तिच्या रडण्याला तो नटीची उपमा देतो. सोंग टिकावे म्हणून खरे अश्रूही सोंगातच जमा करावयाचे! (ही उपमा व्यासांनी सहज योजली असेल, असे वाटत नाही.) संगणकाच्या पडद्यावर कल्पित पात्रे धारण करून खेळणाऱ्या आजच्या मंडळींत नकोशा प्रणययाचनेची तक्रार ‘हा तर खेळ’ म्हणून उडवली जाते, तेव्हा बोलत असतो तो हाच कंक.

पुढे रात्रीच्या भेटीचे खोटे वचन देऊन द्रौपदीच प्रणयाचे सोंग घेते. नर्तनशाळेत कीचकाची गाठ पडते ती भीमाशी.