पाळी पुढे ढकलायची गोळी आणि '५.३ पट'चा आकडा

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा आणि लग्नसराई, या दोन काळांत मेडिकलच्या काउंटरवर एक गोळी हमखास मागितली जाते. नाव बऱ्याचदा हळू आवाजात घेतलं जातं, किंवा घेतलंच जात नाही. "पाच तारखेला घरी पूजा आहे" एवढं सांगितलं तरी समोरच्याला कळतं. ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. व्यवहारात चिठ्ठी किती जणी दाखवतात, हे तुम्हाला सांगायला नको.

पाळीत पूजेला बसावं का, हा आजचा विषय नाही. (बसावं, असं माझं मत. पण सहल, परीक्षा, पोहण्याची स्पर्धा अशा कारणांसाठीही ही गोळी घेतली जाते, तेव्हा तो वाद बाजूला ठेवू.) आजचा विषय आहे दोन वाक्यं. पहिलं: "हे साधं प्रोजेस्टेरॉन आहे, गर्भनिरोधक गोळी नव्हे, यानं गुठळ्या होत नाहीत." दुसरं: "ही गोळी घेतली की गुठळीचा धोका पाचपट वाढतो." दोन्ही वाक्यं बोलणारे "रिसर्च सांगतो" असंच म्हणतात. तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर हे दोन दावे घेऊन मुळापर्यंत जाणं हा चांगला सराव आहे. आणि इथे चूक झाली तर ती परीक्षेच्या मार्कांपुरती राहत नाही.

गोळी काम कशी करते ते थोडक्यात. पाळी येते कारण शरीरातलं प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं. बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखा पदार्थ देत राहिलं की अस्तर टिकून राहतं. गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून नेहमीची पद्धत अशी, की पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरुवात करायची आणि ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घ्यायची. म्हणजे रोज १५ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिलं वाक्य, "साधं प्रोजेस्टेरॉन". नॉरएथिस्टेरॉन हे नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन नाही. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा तयार झालं, आणि त्याची रचना अशी आहे की शरीरात त्याचा अगदी थोडा अंश एथिनिल-एस्ट्राडिओलमध्ये बदलतो. हे एथिनिल-एस्ट्राडिओल म्हणजे नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीतलं एस्ट्रोजेन, आणि गुठळीच्या धोक्याची चर्चा मुख्यतः त्याच्याभोवतीच फिरते. म्हणजे डबीवर एस्ट्रोजेनचं नाव नाही, पण रक्तात ते सापडतं. 'फक्त प्रोजेस्टोजेन' ही वर्गवारी डबीत काय आहे यावरून केलेली आहे, शरीरात काय तयार होतं यावरून नाही. पहिलं वाक्य इथेच लंगडं पडतं. मिनी-पिलमध्ये नॉरएथिस्टेरॉनचा डोस दिवसाला ०.३५ मिलिग्रॅम असतो. तिथे हा बदल नगण्य ठरतो. १५ मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या चाळीसपटीहून जास्त. एकच रेणू, पण मिनी-पिलची सुरक्षितता उचलून इथे चिकटवता येत नाही.

मग नक्की किती एस्ट्रोजेन तयार होतं? इथे नीट वाचायला हवं. १९९७ सालच्या एका जर्मन अभ्यासात, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये, असा अंदाज निघाला की १ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉनमागे सुमारे ४ मायक्रोग्रॅम, आणि १ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन ॲसिटेटमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅम एथिनिल-एस्ट्राडिओल घेतल्यासारखं होतं. गुणाकार करा: १५ गुणिले ४, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. आजच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत २० ते ३५ असतं. आकडा घाबरवणारा आहे. २००७ साली अमेरिकेतल्या एका गटानं ॲसिटेटचे १०, २० आणि ४० मिलिग्रॅमचे डोस देऊन रक्तातली पातळी मोजली. त्यांच्या मते रोजचे १० ते २० मिलिग्रॅम म्हणजे साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमची संयुक्त गोळी घेतल्यासारखं. पहिल्या अभ्यासाच्या हिशेबानं १० मिलिग्रॅम ॲसिटेटचेच ६० व्हायला हवे होते.

दोन्ही पेपर चांगले आहेत, पण त्यांची उत्तरं दुपटी-तिपटीनं वेगळी आहेत. वय वेगळं, डोस वेगळा, मोजायची पद्धत वेगळी. शिवाय नॉरएथिस्टेरॉन आणि त्याचं ॲसिटेट ही दोन औषधं आहेत, आणि पुढच्या लेखांत ही दोन सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. "१० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन म्हणजे संयुक्त गोळी" हे वाक्य तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. त्याच्या मुळाशी मात्र ॲसिटेटचं मोजमाप असतं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना नेमकी अशीच जागा निसटते. ॲबस्ट्रॅक्टवरून उचललेल्या वाक्यात 'ॲसिटेट' हा शब्द गळतो आणि मग तो कायमचाच गळतो. दिशा मात्र दोन्ही पेपरांत एकच आहे: या डोसला एस्ट्रोजेनचा हिशेब धरावाच लागतो. ब्रिटनमध्ये २०१२ नंतर गुठळीचा धोका असलेल्या स्त्रियांना नॉरएथिस्टेरॉनऐवजी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन द्यावं ही सूचना पुढे आली, ती याच तर्कावर. ते शरीरात एथिनिल-एस्ट्राडिओल होत नाही.

आता दुसरं वाक्य, 'पाचपट'. याचा उगम बहुतेकदा १९९९ सालच्या 'लॅन्सेट'मधल्या एका अभ्यासात असतो. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नोंदी घेऊन संशोधकांनी पाहिलं, की फक्त प्रोजेस्टोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, दुसरं काही कारण नसताना, शिरेत गुठळी किती जणींना झाली. गर्भनिरोधक म्हणून (म्हणजे कमी डोसमध्ये) घेणाऱ्यांत सापेक्ष जोखीम १.३ निघाली. उपचार म्हणून घेणाऱ्यांत ५.३. हीच ती पाचपट.

पण कंसातलं वाचा. ५.३ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.५ ते १८.७ आहे. म्हणजे धोका दीडपट असेल किंवा जवळपास एकोणीसपट. अभ्यास यांपैकी कुठल्याच टोकाला नाकारत नाही. इतका रुंद इंटरव्हल दिसला की समजायचं, घटना मूठभर आहेत. १.३ चा इंटरव्हल ०.३ ते ६.८, म्हणजे "मिनी-पिल सुरक्षित सिद्ध झाली" असंही या एका पेपरवरून म्हणता येत नाही. इंटरव्हल सोडून मधलाच आकडा सांगणं म्हणजे तिथीशिवाय मुहूर्त सांगण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'उपचार म्हणून' घेणाऱ्या या बायका होत्या कोण? मासिक पाळीच्या तक्रारी असलेल्या, बहुतेक अति रक्तस्रावाच्या. त्यांना मुळात काही वेगळा आजार असेल, वजन जास्त असेल, हालचाल कमी झाली असेल, तर गुठळी त्यामुळेही होऊ शकते. औषध ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणाचा दोष औषधाच्या माथी येतो. व्हायव्हात 'कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन'ची व्याख्या सगळेच सांगतात. उदाहरण मागितलं की गडबड होते. हे घ्या उदाहरण. पूजेसाठी आठ-दहा दिवस गोळी घेणारी बावीस वर्षांची निरोगी मुलगी त्या गटात क्वचितच असेल.

तरीही समजा ५.३ खरं मानलं. मग पट सोडून प्रत्यक्ष संख्या काढा. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या तरुण स्त्रियांत वर्षाला दहा हजारांत सुमारे २ जणींना गुठळी होते, हा युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं वापरलेला आकडा. त्याच्या ५.३ पट म्हणजे १०.६. पण गोळी वर्षभर नाही, दहा दिवस घ्यायची आहे. ३६.५ नं भागा: दहा हजारांत ०.२९, म्हणजे लाखात जवळजवळ ३. गोळी न घेता त्याच दहा दिवसांत लाखात साधारण अर्धी. १८.७ धरलं तर लाखात १०. एवढ्या भीतीमागचा हिशेब पाठ्यपुस्तकातल्या तीन ओळींचा आहे.

अर्थात या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की धोका वर्षभर सारखा वाटलेला असतो. संयुक्त गोळ्यांबाबत तसं नाही; सुरुवातीच्या महिन्यांत तो जास्त असतो. जी बाई दर सणाला गोळी सुरू करते आणि थांबवते, ती सारखी त्या सुरुवातीतच असते. तेव्हा लाखात ३ ला तळ समजा, छत नको. आणि ही सरासरी निरोगी तरुणींची आहे. आधी गुठळी झालेल्या बाईसाठी ती लागूच होत नाही.

"मग रँडमाइज्ड ट्रायल नाही का?" असं कोणी विचारेल. आहे. २०१९ साली संयुक्त गोळी आणि नॉरएथिस्टेरॉन यांची पाळी लांबवण्यासाठी तुलना झाली. नॉरएथिस्टेरॉन घेणाऱ्यांत मधेच डाग दिसण्याचं प्रमाण ८ टक्के, संयुक्त गोळीत ४३. गोळी काम करते का, याचं हे चांगलं उत्तर आहे. पण एकूण बायका पन्नासच्या आसपास. पन्नास जणींत एकीलाही गुठळी झाली नाही असं धरलं तरी 'तीनचा नियम' सांगतो, की खरा धोका ३ भागिले ५०, म्हणजे ६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. लाखात सहा हजार! आपण शोधतोय लाखात तीन. पुराव्यांच्या उतरंडीत ट्रायल वर असते म्हणून तिला कुठलाही प्रश्न विचारता येत नाही.

आणखी एक तक्रार, जी कुठल्या एका पेपरवर नाही. हे सगळे मोठे अभ्यास प्रिस्क्रिप्शनच्या नोंदींवर उभे आहेत. आपल्याकडे हीच गोळी चिठ्ठीविना, बिलाविना, कधी पट्टी कापून सहा गोळ्या अशी विकली जाते. घेणारी घरात सांगत नाही. पुढे पाय सुजला आणि ती दवाखान्यात गेली, तर डॉक्टर "काही औषधं चालू आहेत का?" विचारतात आणि ती "नाही" म्हणते, कारण ते तिच्या लेखी औषधच नाही. डेटा गोळा व्हायची जागा तीच असते, आणि तिथेच तो गळतो. कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर मेडिकलच्या काउंटरपासून सुरुवात करा.

आता ज्यांना ही गोळी स्वतःला किंवा बहिणीला हवी असेल त्यांच्यासाठी, कारण असे मेल येणारच. वरचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: घेणारी धोक्याच्या गटात नाही. ते ठरवायलाच चिठ्ठी असते. स्वतःला किंवा आई-बहिणीला कधी गुठळी झाली आहे का, स्तनाचा कॅन्सर, यकृताचा आजार, डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी मायग्रेन, कारण न कळलेला रक्तस्राव, गरोदर असण्याची शक्यता, अंगावर पाजणं, सिगारेट, जास्त वजन, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पुढचा लांबचा प्रवास: हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन चालू असेल तर गोळीचा परिणामच कमी होऊ शकतो, तेही सांगा. आधीपासून संयुक्त गोळी घेत असाल तर दुसरं काही विकत घेण्याआधी विचारा; बहुतेकदा मधली सुट्टी न घेता पुढची पट्टी सुरू करून भागतं. नॉरएथिस्टेरॉन या पद्धतीनं घेताना गर्भनिरोधक धरता येत नाही, लग्नाच्या तारखेसाठी घेणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं. थांबवल्यावर पाळी आली नाही तर प्रेग्नन्सी टेस्ट करा. आणि एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी यांपैकी काही झालं, तर पूजा अर्धी टाकून थेट दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव स्पष्ट सांगा.

पुढच्या वेळी १९९९ च्या पेपरमधली तक्ते कशी वाचायची ते बघू. तोवर तुमच्या विषयातला असाच एक 'इतके पट'चा आकडा शोधा, त्याचा इंटरव्हल आणि मूळ जोखीम काढा, आणि कॉमेंटमध्ये टाका.