‘प्राचीन’ की ‘जुने’? : दोन लॅटिन विशेषणे आणि इंदुरीचा भुईकोट

प्रस्तावना

जुन्या वस्तूचे वर्णन करण्यासाठी लॅटिन भाषेत एकच विशेषण नाही. ‘वेटुस’ म्हणजे दीर्घकाळापासून असलेले व अद्याप टिकून राहिलेले. ‘अँटिक्वुस’ म्हणजे पूर्वकाळाचे. मराठी वास्तुविषयक लेखनात मात्र दोन्हींसाठी सर्रास ‘प्राचीन’ हाच शब्द योजला जातो. या सवयीने होणारी अर्थहानी मावळातील इंदुरीच्या भुईकोटाच्या आधारे तपासता येते.

विवेचन

‘अँटिक्वुस’ हे ‘आन्टे’, म्हणजे ‘पुढे, आधी’, या शब्दापासून बनले. ‘प्राचीन’ हा शब्दही ‘प्राच्’, म्हणजे ‘पुढचा, पूर्वेचा’, यावरून आला. दोन्ही शब्दांत अग्रक्रम आहे, झीज नाही. म्हणूनच ‘अँटिक्वुस’च्या तरभाववाचक रूपाला ‘अधिक महत्त्वाचे’ असाही अर्थ लाभला. ‘वेटुस’चे नाते संस्कृत ‘वत्सर’ शब्दाशी आहे. त्यात सरलेल्या वर्षांची मोजदाद आहे. मराठी ‘जुना’ हा ‘जीर्ण’च्या कुळातील असल्याने त्यात झिजण्याची कल्पना मुळातच आहे.

भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वीची असून ती कोरवून घेणारा भिक्खुसंघ तेथून केव्हाच लोपला. ती ‘अँटिक्वुस’ होत. इंद्रायणीकाठचा इंदुरीचा कोट मात्र सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. आतील कडजाई देवीची उपासना आजही चालू आहे. हा कोट ‘वेटुस’ आहे : जुना, परंतु नांदता.

कायद्याची परिभाषाही हा भेद पुसते. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार, किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेली व ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक मोल असलेली वास्तू ‘प्राचीन स्मारक’ ठरू शकते. म्हणजे निकष वर्षांचा, ‘वेटुस’चा, नाव मात्र ‘अँटिक्वुस’चे.

निष्कर्ष

हा वाद केवळ शब्दांचा नाही. वास्तूला ‘जीर्ण’ म्हटले की जीर्णोद्धार ओघाने येतो आणि पुष्कळदा जुन्या दगडाच्या जागी सिमेंट व ऑइलपेंट येतो. ‘प्राचीन’ म्हटले की ती कुंपणाआड जाते आणि गावाशी असलेले तिचे नाते तुटते. इंदुरीसारख्या वास्तूला दोन्ही उपाय अपुरे आहेत. तिचा मूळ दगड-चुना राखावा आणि वहिवाटही राखावी, असे सुचवणारे विशेषण मराठी समीक्षेने घडवले पाहिजे. तोवर निदान ‘प्राचीन’ हा शब्द जपून वापरणे अगत्याचे ठरते.