सरोवरकाठची घरे आणि सवलतीचा निकष : विस्कॉन्सिनमधील दोन निकालांची चिकित्सा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सरोवराच्या सामान्य उच्च जलरेषेपासून ७५ फुटांच्या आत बांधकामास साधारणतः मनाई आहे. तथापि अनेक जुनी घरे या पट्ट्यातच उभी आहेत. या निकालांच्या काळी त्यांत वाढ करण्यासाठी मालकाला काउंटीच्या मंडळाकडून 'व्हेरियन्स', म्हणजे नियमातून सवलत, मिळवावी लागे व त्याकरिता 'अनावश्यक अडचण' सिद्ध करावी लागे. या संज्ञेचा अर्थ हाच वादाचा गाभा होय.

१९९८ साली केनोशा काउंटीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सवलतीवाचून मालमत्तेचा कोणताही वाजवी उपयोग उरत नसेल तरच अडचण मान्य होईल, असे ठरविले. हा निकष तर्कशुद्ध असला तरी अतिकठोर होता. राहत्या घराचा वाजवी उपयोग आधीपासूनच चालू असतो. साहजिकच वाढीची जवळजवळ प्रत्येक मागणी विचारापूर्वीच बाद ठरे.

२००४ मध्ये बिग सीडर सरोवराकाठच्या घरावर १० फूट उंचीची वाढ करण्याच्या प्रकरणात न्यायालयाने भूमिका बदलली. वापर बदलणारी सवलत आणि अंतर-उंचीपुरती सवलत यांत भेद करून, दुसऱ्या प्रकारात नियमपालन अकारण जाचक ठरते काय, हे नियमाच्या हेतूच्या प्रकाशात तपासावे, असे त्याने सांगितले.

या निकालाने मंडळांना विवेकाधिकार परत मिळाला, हे स्वागतार्हच. परंतु मंडळापुढे एका वेळी एकच घर येते; सरोवराला मात्र सर्व घरांची बेरीज सोसावी लागते. म्हणूनच अडचण जमिनीच्या वैशिष्ट्यातून उद्भवलेली असावी, मालकाच्या सोयीतून नव्हे, ही कायम राहिलेली अट निर्णायक ठरते. ती सैल झाल्यास ७५ फुटांची मर्यादा केवळ कागदावर उरेल.