‘मित्राची गोष्ट’: श्रोत्याची जबाबदारी

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक समलिंगी आकर्षण असलेल्या युवतीची शोकांतिका म्हणून ओळखले जाते. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा हिचा आत्मनाश तिच्या प्रकृतीतच अटळ होता, असा अर्थ त्यावरून सहज काढता येतो. संहितेच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही.

मित्रा आपल्या प्रकृतीचा शोध घेते आणि ती मान्यही करते; मान्य करीत नाही तो भोवताल. नामा देशमुखची दोलायमानता, मन्या दळवीचा द्वेष व महाविद्यालयातील कुजबूज यांनी तिचा आधार क्रमाक्रमाने तुटत जातो. निवेदक बापू तिचे गुपित ऐकतो, भेटींसाठी आपली खोलीही देतो. परंतु त्याच्या साहाय्यात स्वीकारापेक्षा दयेचा अंश अधिक, आणि लोकापवादाची झळ लागताच तो मागे सरतो. कथनाचा अधिकार नाटककाराने त्याच्याकडेच सोपविला, हे या रचनेचे मर्म होय. ‘मित्राची’ हे रूप ‘मित्रा’चे तसेच ‘मित्र’ या शब्दाचेही आहे. त्यामुळे ही गोष्ट मित्राइतकीच, मित्र म्हणून उणा पडलेल्या बापूचीही ठरते.

आजचा निकष जुन्या कृतीला लावणे अन्याय्य, असा आक्षेप संभवतो. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत समलैंगिकता विकारांत गणली जाई. १९९० मध्ये ती वगळण्यात आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले; २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कल बदलू पाहणारे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तथापि या घटनांनी मान्य केलेले सत्य नाटकात अगोदरच उपस्थित आहे: उपचार हवा तो प्रकृतीवर नव्हे, तर तिरस्कारातून उपजणाऱ्या एकाकीपणावर व नैराश्यावर.

करूळ व भुईबावडा घाटांच्या पायथ्याच्या वैभववाडीसारख्या तालुक्यात हा विचार केवळ वाङ्मयीन राहत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वीचा पहिला श्रोता बहुधा मित्र, भावंड वा शिक्षकच असतो. ऐकून घेणे म्हणजे स्वीकारणे नव्हे, हा भेद बापूच्या पात्रातून जितका स्पष्ट होतो तितका तो कायद्याच्या कलमांतून होत नाही.