अरुंद जबडा आणि यशाचे माप

दात काढल्यानंतर मागे उरणारा हाडाचा वरंबा झिजू लागतो आणि ही झीज उंचीपेक्षा रुंदीत अधिक होते. श्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ४६ रुग्णांच्या मोजमापांवरून असे दाखविले की, वर्षभरात रुंदी जवळजवळ निम्म्यावर येते, व त्यातील दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. अशा जागी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवावयाचे तर प्रथम हाड रुंद करणे प्राप्त होते. त्यासाठी वरंबा मधोमध चिरून त्याच्या भिंती फाकवितात. हनुवटीतून काढलेला तुकडा स्क्रूने जखडतात. किंवा हाडाचा चुरा भरून त्यावर पडदा अंथरतात, म्हणजे हिरडीच्या पेशी आत शिरत नाहीत व हाडास वाढण्यास अवसर मिळतो.

या शस्त्रक्रियांच्या कौशल्याविषयी शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या यशाच्या मापाविषयी. अनेक अहवालांत यशाचा पुरावा म्हणून दिली जाते ती इम्प्लांट टिकल्याची टक्केवारी. परंतु शस्त्रक्रिया केली ती हाडासाठी; आणि त्या हाडाचे पुढे काय झाले, हे ती टक्केवारी सांगत नाही. आल्ब्रेक्टसन प्रभृतींनी १९८६ साली घालून दिलेला निकषही येथे अपुरा पडतो. पहिल्या वर्षानंतर हाडाची उभी झीज दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, असे तो म्हणतो. म्हणजे मोजावयाची ती उंची. साध्या क्ष-किरण चित्रात इम्प्लांटच्या दोन बाजूंचे हाड दिसते. ओठाकडील भिंत धातूच्या छायेत लोपते. जी रुंदी मिळविण्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच चित्रात येत नाही! त्रिमितीय चित्रणाने ही उणीव भरून निघते असे म्हणावे, तर धातूमुळे उठणाऱ्या विकृतीत पातळ भिंतीचे माप विश्वसनीय राहत नाही. काही महिन्यांनी हिरडी पुन्हा उघडून घेतलेले माप खरे असते, पण ते त्या दिवसापुरतेच.

ही काही केवळ परिभाषेची चिकित्सा नव्हे. हनुवटीतून हाड काढलेल्या रुग्णाच्या खालच्या पुढील दातांची संवेदना कधी कधी मंदावते. शिवाय कित्येक महिन्यांची प्रतीक्षा आणि खर्च आहेच. कमी व्यासाचे इम्प्लांट त्याच वरंब्यात बसले असते काय, हा प्रश्न तुलनेसाठी दुसरा गट घेतल्याखेरीज सुटणारा नाही. फाकविलेल्या वरंब्यास तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो; कारण तेथे बाहेरची भिंत आधीच पातळ, आणि हिरडी पूर्ण सोडविली तर तिचा रक्तपुरवठाही तुटतो.