सुप्तावस्थेनंतरचा स्वर : 'इव्होकेशन' आणि स्वीडिश डेथ मेटलचे पुनरुज्जीवन

प्रास्ताविक

मागे पडलेली एखादी कलाशैली पुन्हा प्रचारात आली की समीक्षेपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. नवी कृती हा परंपरेचा विकास आहे की गतवैभवाची नक्कल, हे कोणत्या निकषावर ठरवावे? पुनरुज्जीवन करणारे कलावंत त्या शैलीच्या जन्मकाळाचे साक्षीदार असतील, तर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यांच्यावर अनुकरणाचा आरोप सहजासहजी करता येत नाही. परंतु केवळ ज्येष्ठतेमुळे त्यांची कृती श्रेष्ठ ठरते, असेही म्हणता येत नाही.

पश्चिम स्वीडनमधील बुरोस या शहरातील 'इव्होकेशन' हा बँड या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या बँडने १९९२ मध्ये काढलेल्या डेमो ध्वनिफिती जाणकारांमध्ये वाखाणल्या गेल्या. परंतु पूर्ण अल्बम निघण्यापूर्वीच, १९९३ मध्ये, तो विसर्जित झाला. २००५ मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि 'टेल्स फ्रॉम द टूम्ब' हा त्याचा पहिला अल्बम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थापना आणि पहिला अल्बम यांत सोळा वर्षांचे अंतर पडले. या अंतराचा अर्थ काय लावायचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शैलीची घडण

डेथ मेटल हा रॉक संगीताचा एक अतितीव्र प्रकार असून तो १९८० च्या दशकात प्रामुख्याने अमेरिकेत आकाराला आला. उतरत्या स्वरात लावलेल्या गिटारी, वेगवान ड्रमवादन, गुरगुरत्या आवाजातील गायन आणि मृत्यू व विघटन यांविषयीची गीते ही त्याची ठळक लक्षणे होत. स्वीडनमधील किशोरवयीन वादकांनी हा प्रकार उचलला आणि अल्पावधीत त्याला स्वतःचे वळण दिले. नगरपालिकांच्या संगीतशाळा आणि प्रौढशिक्षण संस्थांच्या साहाय्याने मिळणाऱ्या तालमीच्या जागा यांमुळे तेथील तरुणांना वाद्ये हाताळण्याची संधी लहान वयातच मिळत होती, ही सामाजिक पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते.

स्टॉकहोममधील 'निहिलिस्ट' हा बँड १९८९ मध्ये फुटला आणि त्यातून 'एन्टूम्ब्ड' उदयास आला. त्याचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) आणि 'डिसमेम्बर'चा 'लाइक अ‍ॅन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम' (१९९१) हे या शैलीचे आधारग्रंथच मानले जातात. दोन्ही अल्बम टोमास स्कोग्सबेरी यांच्या सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. त्यांतील यंत्रकरवतीसारखा गिटारनाद बॉस कंपनीच्या 'एचएम-२' या पेडलातून निर्माण झाला होता. या पेडलाची चारही बटणे अखेरपर्यंत फिरवून ठेवण्याच्या क्लृप्तीचे श्रेय सामान्यतः 'निहिलिस्ट'चे गिटारवादक लेफ कुझनर यांना दिले जाते.

मात्र ही शैली म्हणजे केवळ हा नाद नव्हे. ब्रिटिश पंक संगीतातून आलेली ड्रमची सरळ, धावती लय हा तिचा दुसरा घटक आणि गोंगाटाच्या पोटात दडलेली चाल हा तिसरा. 'लेफ्ट हँड पाथ'च्या शीर्षकगीताचा उत्तरार्ध याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे वेग मंदावतो आणि 'फँटॅझम' (१९७९) या भयपटाच्या संगीतावर आधारलेली एक खिन्न धून गिटारीवर उमटते. कर्कशपणा आणि माधुर्य यांचा हा ताण शैलीच्या मुळातच होता.

खंडित झालेला प्रश्न

या ताणाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न १९९३ च्या सुमारास अनुत्तरित राहिला. 'एन्टूम्ब्ड' त्या वर्षीच्या 'वुल्व्हरिन ब्लूज'मध्ये रॉककडे झुकला. गोथेनबर्गच्या वादकांनी माधुर्याला प्राधान्य देत करवतीचा नाद मागे टाकला. 'अ‍ॅट द गेट्स'चा 'स्लॉटर ऑफ द सोल' (१९९५) हे त्या वाटेवरचे गाजलेले शिखर. शेजारच्या नॉर्वेतून आलेल्या ब्लॅक मेटलने तरुण श्रोत्यांचे लक्ष वेधून घेतले. परिणामी, नाद आणि चाल यांना समान वजन देणारी मधली वाट फारशी चोखाळली गेली नाही.

'इव्होकेशन'चे महत्त्व येथे आहे. बुरोस हे शहर गोथेनबर्गच्या पूर्वेस, जवळच वसलेले आहे. स्टॉकहोमचा नाद आणि गोथेनबर्गची चाल या दोहोंचे संस्कार या बँडच्या संगीतात दिसतात. 'टेल्स फ्रॉम द टूम्ब'मध्ये करवतीचा नाद पायाशी ठेवून त्यावर दोन गिटारींची संवादी चाल उभी केली जाते. चाल सजावट म्हणून येत नाही. गीताला दिशा तीच देते. म्हणूनच हा अल्बम १९९१ ची पुनरावृत्ती वाटत नाही, तर अर्धवट राहिलेल्या विधानाची पूर्ती वाटतो.

या कृतीच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. तिचे ध्वनिमुद्रण स्वच्छ आणि नेटके आहे. जुन्या अल्बमांत ड्रम आणि गिटार एकमेकांत मिसळून जी धूसर भीती निर्माण होत असे, ती येथे उणावते. पुढील 'डेड काम केऑस' (२००८) आणि 'अपोकॅलिप्टिक' (२०१०) या अल्बमांनंतर 'इल्यूजन्स ऑफ ग्रँडर' (२०१२) मध्ये तर चालीचे पारडे इतके जड होते की मूळचा ताण सैल पडतो. 'द शॅडो आर्केटाइप' (२०१७) मध्ये जुन्या जडपणाकडे पुन्हा वळण्याचा प्रयत्न आहे. या चढउतारांतून एवढे निश्चित दिसते की पुनरुज्जीवित बँडलाही समतोल आयता मिळत नाही. प्रत्येक कृतीत तो नव्याने साधावा लागतो.

तुलना आणि निकष

आव्हेस्ता येथील 'इंटरमेंट'ची वाटचाल तुलनेसाठी उपयुक्त ठरते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात डेमो काढून थांबलेल्या या बँडचा 'इनटू द क्रिप्ट्स ऑफ ब्लास्फेमी' हा पहिला अल्बम २०१० मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात जुन्या साच्याशी निष्ठा अधिक असून शोधाची ओढ कमी आहे. तो प्रामाणिक आहे आणि ऐकताना रंजकही वाटतो. पण त्याच्या मुळाशी एखादा प्रश्न असल्याचे जाणवत नाही. दोन्ही बँड समकालीन आहेत, दोघांनीही दीर्घ मौन पाळले आणि दोघांचाही परंपरेवरील अधिकार निर्विवाद आहे. तरीही फलश्रुती भिन्न आहे. अर्थात, ज्येष्ठता हा निकष येथे अपुरा ठरतो.

नादाचे साम्य हाही निकष पुरेसा नाही. 'एचएम-२'चे उत्पादन १९९१ मध्ये थांबले होते. २०२१ मध्ये बॉसने त्याची सुधारित आवृत्ती बाजारात आणली. एके काळी मोजक्या मुलांच्या हट्टातून जन्मलेला नाद आता कोणत्याही देशातील वादकाला दुकानातून विकत घेता येतो. घराण्याची लकब उचलणे आणि त्याची गायकी आत्मसात करणे यांत जो फरक आपल्याकडील संगीतविचाराने मानला आहे, तोच येथेही लागू पडतो. लकबीचे यंत्र होऊ शकते. गायकीचे होत नाही.

निष्कर्ष

'एन्टूम्ब्ड'चे गायक एल.-जी. पेट्रोव्ह यांचे २०२१ मध्ये निधन झाले. पहिल्या पिढीचे कलावंत असे एकेक करून निघून जात असताना केवळ साक्षीदारीवर उभा असलेला वारसा टिकणार नाही. शैली पुढे जाईल ती तिच्यातील अनुत्तरित प्रश्नांच्या बळावर. 'इव्होकेशन'ने बारा वर्षांच्या मौनानंतर असा एक प्रश्न पुन्हा हाती घेतला, त्याचे काही अंशी उत्तर दिले आणि काही अंशी तो पुढील पिढीसाठी मोकळा ठेवला. त्याच्या पुनरागमनाचे मोल यातच आहे.