दहीहंडीची उंची आणि डोक्याचा आघात : एका निकषाची चिकित्सा

प्रास्ताविक : मनोऱ्यावरून पडून गोविंदा जायबंदी होण्याच्या घटनांमुळे दहीहंडीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत सीमित केली व १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे निर्बंध कायम ठेवले. २०१७ मध्ये मात्र उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा घालण्यास नकार दिला आणि वयाची अट १४ वर्षांवर आली. या वादात समर्थक व विरोधक या दोघांनीही धोका प्रामुख्याने थरांत आणि फुटांतच मोजला. हा निकष भौतिकशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन : उंचीवरून पडण्याचा वेग ठरतो. २० फुटांवरून, म्हणजे ६.१ मीटरवरून, पडणारी व्यक्ती ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने खाली येते. २ मीटरवरून हा वेग सुमारे २२.५ किलोमीटर असतो. परंतु डोक्याला होणारी इजा ही तो वेग किती अंतरात शून्य होतो, यावर अवलंबून असते. पतनाची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतक्या पट गुरुत्वत्वरणाएवढे सरासरी मंदन डोक्यास सोसावे लागते. २ मीटरवरून डोके थेट डांबरी रस्त्यावर आदळून १ सेंटिमीटरात थांबले, तर हे मंदन २०० पट होते. उलट ६.१ मीटरवरून पडूनही गादी ३० सेंटिमीटर दबली, तर ते सुमारे २० पटच राहते. म्हणजे दुसऱ्या थरावरचे पतनही प्राणघातक ठरू शकते. हेल्मेटचे अस्तर हेच थांबण्याचे अंतर वाढवते. मात्र त्याची जाडी काही सेंटिमीटरच असते. शिवाय डोके तिरके आदळल्यास निर्माण होणारे कोनीय त्वरण मेंदूच्या ऊतींना ताण देते. साधा भागाकार हा ताण दाखवीत नाही.

यावरून उंचीची मर्यादा निरर्थक ठरत नाही, अपुरी ठरते. गादी पूर्ण दबून तळाला टेकली की तिचा उपयोग संपतो; म्हणून उंची वाढली की जाडीही वाढलीच पाहिजे. मुलांच्या क्रीडांगणांच्या पाश्चात्त्य मानकांत प्रत्येक पृष्ठभागासाठी सुरक्षित पतनाची कमाल उंची चाचणीने निश्चित केली जाते.

समारोप : शासकीय सूचनांत हेल्मेट व गाद्यांचा उल्लेख येतो, परंतु गादी किती जाडीची, हा प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला. परवानगी देताना ‘किती थर?’ या प्रश्नाला ‘कशावर?’ या प्रश्नाची जोड दिल्याशिवाय सर्वांत वरच्या कोवळ्या गोविंदाचे रक्षण होणार नाही.